हिरव्याचा करडा करताना

बसा. हे काम उभ्याउभ्या उरकण्यातलं नाही. स्क्रीनवर ऊन येत असेल तर खिडकी लोटून घ्या, खोलीतला दिवा मंद ठेवा, चहा हवा असेल तर आधीच आणून ठेवा. मग फोटो उघडा, रंगीतच. हात माउसवरून काढून मांडीवर ठेवा. पहिली काही मिनिटं त्याला काम नाही.

फोटो धामापूरच्या तळ्याचा आहे असं धरून चालू. मालवणहून चौके मार्गे आत आलं की भगवतीच्या देवळाला लागून हे तळं आहे. गणपती होऊन गेलेत, पाऊस सरत आलाय, सकाळ आहे आणि मळभ आहे. तुम्ही देवळाकडच्या पायऱ्यांवर उभे राहून समोर बघताय. पायाशी जांभ्याची ओली पायरी, पुढे पाणी, पाण्यापलीकडे झाडी, झाडीवर डोंगर, डोंगरावर आभाळाची पट्टी. माणूस नाही, होडी नाही, साधा बगळाही नाही. धामापूरचा फोटो जवळ नसेल तर शहरातल्या एखाद्या बागेचा घ्या, मुंबईच्या राणीच्या बागेचा किंवा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा. चालेल. का चालेल ते पुढे येईल.

आता नुसतं बघा. फोटो चांगला आहे की वाईट हे ठरवायचं नाही. पलीकडच्या काठावर नजर ठेवा आणि तिथला हिरवा किती तऱ्हांचा आहे ते एकेक करून वेगळं काढा. पोफळीचा शेंडा काळपट आहे. माडाच्या झावळीवर पिवळसर झाक आहे आणि खाली लोंबणाऱ्या जुन्या झावळ्या तर तांबूसच आहेत. एखाद्या आंब्याला नवी पालवी फुटली असेल तर तिथे हिरवा जवळजवळ नाहीच, तांब्याचा रंग आहे. झाडीच्या बुंध्याशी, जिथे उजेड पोचत नाही, तिथे हिरवा निळसर होत गेलाय. पाण्यातला हिरवा पुन्हा निराळा, वरच्यापेक्षा एक घर खालचा. पायरीच्या कडेला शेवाळ आहे, ते सगळ्यांत चढं. रंगीत फोटोत हे सगळे हिरवे एका नावाखाली गपगुमान बसलेले असतात. आपण 'काय हिरवंगार आहे' म्हणतो आणि पुढचा फोटो बघतो.

दुसरं बघायचं ते उजेडाचं. तो कुठून येतोय? मळभ असताना याचं उत्तर पटकन मिळत नाही, कारण अख्खं आभाळच दिवा झालेलं असतं आणि सावलीला कड नसते. तरी दिशा असतेच. माडाच्या खोडाची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित उजळ आहे का बघा. पायरीच्या सपाट भागावर जो ओला चकाकता थर आहे, तो तिच्या उभ्या भागावर नाही. ही खूण लक्षात ठेवा. पुढे तुम्ही कुठे उजळवाल, कुठे दाबाल, ते या दिशेच्या विरुद्ध जाता कामा नये.

आता एकदाच, फक्त बघण्यासाठी, सगळा रंग काढून टाका. सॅच्युरेशनची पट्टी पार खालच्या टोकाला.

काय झालं? चिखल झाला. पायरी, झाडी, डोंगर, सगळं एकाच करड्यात बुडालं. पायरी कुठे संपते आणि पाण्यातलं झाडीचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते शोधावं लागतंय. घरातलं कोणी डोकावून विचारील, "रंग खंय गेलो ह्येचो?" उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. पण प्रश्न रास्त आहे. रंग गेला हे दिसतंय, त्याच्या जागी काय आलं ते अजून दिसत नाही.

यंत्राने काय केलं ते जरा जवळून पाहू. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, शून्यापासून २५५ पर्यंतचे. त्या तिघांचा एक करडा करायचा, तर टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेलं एक गणित आहे: लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद, त्यावरून ते बसवलेलं आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत थोडी वेगळी, पण जातकुळी हीच. आता जांभ्याचा एक ठिपका घ्या: लाल १५०, हिरवा ८५, निळा ६०. त्याचा करडा येतो १०२ च्या आसपास. शेजारच्या पानाचा ठिपका घ्या: लाल ८०, हिरवा १२०, निळा ५०. त्याचा करडा येतो १००. संपलं. तांबडा दगड आणि हिरवं पान, जे डोळ्याला मैलभरावरून वेगळे दिसतात, ते गणिताने एकाच पाटावर बसवले.

आता गणित आपल्या हाती घ्या. नुसता लाल घेतला तर दगड १५० वर गेला आणि पान ८० वर राहिलं. पायरी उजळली, झाडी खाली बसली. नुसता हिरवा घेतला तर उलट झालं. पान १२० वर आलं, दगड ८५ वर उतरला. फोटो तोच, क्षण तोच, पण एका चित्रात पायरी देवळाची आहे आणि दुसऱ्यात ती कुणीतरी विसरलेली आहे. दोन्ही खरी आहेत. काळं-पांढरं करताना रंग टाकून द्यायचा नसतो. कुठल्या रंगाला किती उजेड द्यायचा हे ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना रंग सतत समोर लागतो. म्हणून आधी एवढा वेळ रंगीत फोटोसमोर बसवलं.

सावकाश करा. लाइटरूम असो की फुकटचं डार्कटेबल, रंगांच्या पट्ट्या सगळीकडे आहेत. एका वेळी एकच पट्टी धरा. ती पार एका टोकाला न्या, मग पार दुसऱ्या टोकाला, आणि चित्रातलं काय काय हललं ते बघा. पहिलं नवल इथेच आहे. 'हिरवा' सरकवला तर पानं फारशी हलत नाहीत. 'पिवळा' सरकवला की अख्खा काठ जागा होतो. कॅमेऱ्याला आपली झाडी बरीचशी पिवळीच दिसते. तेव्हा पिवळा थोडा वर, माडांसाठी. हिरवा जागच्या जागी, पोफळींसाठी. लाल आणि नारिंगी जांभ्यासाठी, आंब्याच्या पालवीसाठी आणि त्या वाळल्या झावळ्यांसाठी. आकडा मी सांगणार नाही. तुमची सकाळ वेगळी असणार.

या पट्ट्या म्हणजे हल्लीची चैन आहे. ज्यांनी आपल्याकडे कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला त्यांना असा काही पर्याय नव्हता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या मंडळींतले. घर मूळचं पेडण्यातल्या मांद्र्याचं, म्हणजे आपल्या बाजूने तेरेखोल ओलांडली की आलंच. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे पेशेवर छायाचित्रकार तयार झाले. या मंडळींच्या काचेवर जो मसाला असे त्याला फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. लाल त्याच्या लेखी काळोख होता, हिरवाही जवळपास तसाच. अशा काचेवर धामापूर कसं उतरलं असतं याची कल्पना करा. झाडी काळी ठिक्कर, जांभा काळा, आणि आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं, त्यात ढगाचा मागमूस नाही. १८७३ साली जर्मनीत हेर्मान फोगेलने मसाल्यात रंगद्रव्य मिसळून त्याला हिरव्याची ओळख करून दिली. लाल धरून सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडलं. निळ्याची पट्टी पूर्ण वर आणि बाकीच्या पूर्ण खाली करून बघा. नारायण दाजींच्या काळची काच तुमच्या स्क्रीनवर येईल. झाडी अंगावर येते, आणि मला तर ती थोडी आवडतेही. पण सप्टेंबरच्या मळभाच्या सकाळी तिथे तसा काळोख नव्हता, एवढं म्हणून पट्ट्या परत जागेवर आणा.

इथे थांबून एक गोष्ट मनात घोळवायची आहे. समोर जे दिसतंय ते निसर्गाने दिलेलं नाही. हे तळं माणसांनी केलेलं आहे. १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन दोन डोंगरांमधल्या खिंडीत मातीचा बांध घातला. डोंगर होतेच, पाऊस होताच, उतारही होता. माणसांनी फक्त एक बाजू अडवली. मग पाणी भरलं, काठ ठरला, काठावर झाडं आली, पाटाने पाणी खाली शेतांत गेलं आणि पावसाळ्यानंतर वायंगणी भात उभा राहू लागला. पुढे बांधावरही झाडी माजली. आज तिथे येणारा पाहुणा 'काय निसर्ग आहे' म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण बांध आता वेगळा काढून दाखवता येत नाही. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० साली या तळ्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूंमध्ये जागा दिली ती या हाताच्या कामासाठी.

शहरातली बागही अशीच केलेली असते. राणीच्या बागेतलं प्रत्येक मोठं झाड कोणीतरी कधीतरी ठरवून लावलेलं आहे, पायवाट आखलेली आहे. म्हणून बागेचा फोटो चालेल म्हटलं. दोन्हीकडे आधी कोणीतरी जागेवर काम केलंय आणि मग बाजूला झालंय. तुम्ही आता त्या कामावर आणखी एक काम करताय. किती करायचं, याचं माप मी धामापूरच्या बांधावरून घेतो. अडवायचं तेवढंच अडवावं, बाकी पाण्यावर सोडावं. चित्र बघणाऱ्याला तुमची पट्टी कुठे सरकली ते सापडता कामा नये.

हे मनात ठेवून आता पाण्याकडे वळा.

धामापूरच्या पाण्याची कथा तुम्ही ऐकली असेल. लग्नकार्यासाठी दागिने हवे असले की गावचा गरीब माणूस भगवतीला साकडं घालायचा, फुलांचे दागिने करून परडी तळ्यात सोडायचा, आणि सकाळी त्या परडीत सोन्याचे दागिने मिळायचे. कार्य झालं की ते परत पाण्यात द्यायचे. मग कोणा एकाने दिले नाहीत आणि देवीने देणं थांबवलं. अशा कथा आणखीही तळ्यांच्या सांगतात. पण ही कथा डोक्यात घेऊन फोटो करायला बसलं की हात आपोआप पाणी काळं करायला लागतो. पाणी गूढ दिसलं पाहिजे, तळाशी काहीतरी असलं पाहिजे. मी धामापूरचे जे काळे-पांढरे फोटो बघतो त्यांतल्या बऱ्याच फोटोंत पाणी डांबरासारखं असतं. कथा राहू द्या. पाण्याला स्वतःचा एक चढ-उतार आहे, तो आधी बघा.

बोट स्क्रीनच्या खालच्या कडेला, पायरीपाशी ठेवा. इथे तुम्ही पाण्यात जवळजवळ सरळ खाली बघताय. सरळ खाली बघताना पाण्याचा पृष्ठभाग वरून पडलेल्या उजेडाचे जेमतेम २ टक्के परत पाठवतो. बाकी उजेड आत जातो. म्हणून इथे पाण्यावर आभाळ दिसत नाही, पाण्याखालची पायरी दिसते, तिच्यावर साचलेला गाळ दिसतो, एखादं कुजत आलेलं पान दिसतं. आता बोट हळूहळू वर न्या. नजर तिरपी होत जाते तसा पृष्ठभाग जास्त उजेड परत पाठवायला लागतो. एका जागी तळ दिसेनासा होतो. नेमकी जागा सापडणार नाही, पण एका टप्प्यात तळही आहे आणि आभाळही आहे, दोन्ही अर्धवट. इथे थोडं थांबा. चित्रातली ही सर्वांत नाजूक जागा. कॉन्ट्रास्ट वाढवला की पहिलं मरतं ते हेच. आणखी वर या. आता पाणी नुसता आरसा आहे. पलीकडच्या काठाजवळ तर नजर इतकी आडवी झालीय की पडलेला बहुतेक उजेड परत येतोय. म्हणजे पायाशी गडद, मध्ये डळमळीत, दूर उजळ, आणि पलीकडच्या काठाला लागून झाडीच्या प्रतिबिंबाचा पुन्हा एक गडद पट्टा. पाण्याला हा चढ कुणी दिलेला नाही, तो त्याचा स्वतःचाच आहे. तुमचं काम एवढंच की तो सपाट होऊ द्यायचा नाही.

प्रतिबिंबाबद्दल आणखी एक. पाण्यातली झाडी वरच्या झाडीपेक्षा थोडी गडद असते, कारण वाटेत उजेड सांडतो. शिवाय ती वरच्या झाडीची नक्कल नसते. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे तुम्ही पाण्याच्या वर जितके आहात तितकेच खाली जाऊन बघितलं असतं तर जे दिसलं असतं ते. म्हणून पाण्यात झावळ्यांची खालची बाजू जास्त दिसते आणि मागचा डोंगर बुटका होतो. वरचं आणि खालचं एकसारखं उजळ करून सममिती साधायचा मोह होईल. करू नका. दोहोंत एक पायरी अंतर असलं तरच खाली पाणी आहे हे डोळ्याला पटतं.

डोंगराकडे या. समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमट आहे, आणि डोंगराच्या आणि तुमच्यामध्ये ती भरून राहिली आहे. हवेतला हा पडदा निळसर असतो, कारण हवा निळा उजेड जास्त विखुरते. त्यामुळे निळ्याची पट्टी तुमच्या हातात एक वेगळीच गोष्ट देते: डोंगराचं अंतर. निळा वर नेला की पडदा दाट होतो, डोंगर मागे सरकतो. खाली नेला की पडदा विरतो, डोंगर काठावर येऊन उभा राहतो आणि त्यावरची झाडं मोजता येतात. अंतर पुसणारी एक 'डीहेझ' नावाची पट्टीही सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. पावसाळ्यात धामापूरची हवा हीच तिथली अर्धी जागा आहे. ती पुसली तर राहतो तो कुठलाही डोंगर.

आभाळाच्या बाबतीत तर स्पष्ट बोलायला हवं. १९२७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने हाफ डोमच्या कड्याचा फोटो घेताना भिंगावर गडद लाल काच लावली आणि निळं आकाश जवळजवळ काळं केलं. कडा त्यामुळे असा उभा राहिला की पुढे निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या ते आकाश डोक्यात घेऊन हिंडल्या, आपल्याकडेही. पण ती हवा उंचावरची, कोरडी, आणि आकाश खरोखरचं निळं होतं. आपल्या मळभात निळा आहेच कुठे? ढगात लाल, हिरवा, निळा तिन्ही जवळपास सारखे असतात. कुठलीही पट्टी सरकवा, ढग हलत नाही. मग माणूस इरेला पेटतो आणि क्लॅरिटी, कॉन्ट्रास्ट वगैरे वाढवून ढगाला पीळ द्यायला लागतो.

तसं केलं असेल तर एक परीक्षा घ्या. चित्र दुप्पट मोठं करा आणि आभाळावर उमटलेल्या माडाच्या एका झावळीवर जा. झावळीच्या पात्यांभोवती बारीक पांढरी कड दिसतेय का, पेन्सिलीने कोरल्यासारखी? पात्यांच्या मधल्या फटीत आभाळ बाहेरच्या आभाळापेक्षा वेगळ्या करड्याचं झालंय का? झालं असेल तर हात सापडला. माघार घ्या. मळभाचं आभाळ पांढुरकं असतं तर असू द्या. फक्त ते कागदाइतकं कोरं नको. कुठे जाड कुठे पातळ एवढा फरक त्यात राहिला की पुरे. आणि हे सगळं रॉ फाइलवर करा, जेपेगवर नको. कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. आभाळासारख्या सावकाश बदलणाऱ्या भागात पायऱ्या कमी पडल्या की करड्याचे पट्टे पडतात, आणि ते मग कशानेही जात नाहीत.

एव्हाना चहा संपला असेल. उठा, बाहेर एक फेरी मारून या. डार्करूमच्या दिवसांत अशी फेरी कामातच धरलेली असे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं 'इंदू' रीळ धुवायला घेतलं की डेव्हलपरचं पाणी २० अंशांवर हवं, आणि कोकणात उन्हाळ्यात नळाचं पाणीच त्याहून गरम. मग पातेल्यात बर्फ, बर्फात डबा, डब्यात थर्मामीटर, आणि त्याच्याकडे बघत बसायचं. रीळ वाळेपर्यंत थांबायचं. लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये सरकवल्यावर पुन्हा थांबायचं. त्या सक्तीच्या थांबण्यात डोळा आपोआप ताजा व्हायचा. आता सगळं क्षणात होतं, त्यामुळे थांबायचं ते आपणच ठरवून थांबावं लागतं.

परत आलात? आता डोळे अर्धे मिटून चित्राकडे बघा, म्हणजे तपशील जातील आणि नुसते गडद-उजळ तुकडे राहतील. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, शून्य ते दहा अशा ११ पायऱ्या पाडल्या होत्या, त्यांना ते झोन म्हणत. मधली, पाचवी पायरी म्हणजे पडलेल्या उजेडाचे १८ टक्के परत देणारा करडा. तुमच्या चित्रात निखळ काळं कुठे आहे ते शोधा. झाडीच्या बुंध्याशी, एखाद्या फटीत, बोटाच्या पेराएवढं. निखळ पांढरं? कदाचित ओल्या पायरीवरच्या एका चकाकीत, तीळभर. बाकी अख्खं चित्र चौथ्या ते सातव्या पायरीत बसलंय. हा दोष नाही. मळभातलं धामापूर तिथेच राहतं. पुष्कळांना हा मधला करडा सहन होत नाही, ते दोन्हीकडून ताणून चित्राला 'जोर' आणतात. जोर येतो, खरं. पण भिजलेल्या झाडीचा मऊपणा जातो, आणि उरतं ते एप्रिलच्या भर दुपारचं ऊन, जे तिथे त्या दिवशी पडलंच नव्हतं.

तरीही एखादी जागा उठावी असं वाटेल. समजा पलीकडच्या काठावरचा तो एक वाकलेला माड. त्याला सरळ उजळवू नका. आधी त्याच्या मागची झाडी किंचित दाबा. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं ते प्रसिद्ध जलरंग चित्र आठवा, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेलं: हातात दिवा घेऊन उभी असलेली बाई, ज्योतीला हाताचा आडोसा. दिवा केवढासा, पण वाटतं खोली उजळलीय. कागद काही कागदापेक्षा पांढरा होऊ शकत नाही. चित्रकाराने दिव्याभोवती काळोख किती आणि कसा ठेवला यावर तो दिवा पेटलाय. तुमच्या माडालाही हेच लागू. मऊ कडांचा मोठा ब्रश घ्या, जोर अगदी कमी ठेवा, आणि मागच्या झाडीवरून एकदा, फार तर दोनदा फिरवा. मघाशी शोधलेली उजेडाची दिशा आठवा. खोडाची उजळ बाजू आभाळाकडची आहे ना? मग ठीक.

आता फाइल बंद करा. आजचं काम झालं. चित्र पुरं झालं म्हणून नव्हे, तुमचा डोळा या करड्याला सरावला म्हणून. सरावलेल्या डोळ्याला सगळंच बरोबर दिसतं. उद्या सकाळी, दुसरं काही बघण्याआधी, एकदा उघडा. पहिल्या दोन सेकंदांत जे खटकेल तेवढंच दुरुस्त करा. तिसऱ्या सेकंदाला मन युक्तिवाद करायला लागतं, त्याचं ऐकू नका. बहुतेक वेळा खटकतं ते जास्त केलेलं काहीतरी असतं.

मग छापून घ्या. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद दुसऱ्याच्या उजेडावर जगतो, म्हणून प्रिंट नेहमी अपेक्षेपेक्षा गडद येते आणि सावलीतला तपशील आधी बुडतो. छोटी चाचणी प्रिंट काढा, चकचकीत नको, मॅट कागदावर. ती खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा. पाण्यातली ती तळ-आभाळ दोन्ही असलेली जागा कागदावर टिकली असेल तर बाकी काळजी करू नका. टिकली नसेल तर तेवढाच भाग थोडा उचला आणि पुन्हा छापा. एकच निगेटिव्ह जन्मभर छापत राहणारे लोक होऊन गेले. अ‍ॅडम्सने १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला आणि पुढची कित्येक दशकं तो छापत राहिला. जसजशी वर्षं गेली तसतसं त्याच्या प्रिंटांमधलं आकाश काळं होत गेलं. त्याचं ते आकाश होतं, त्याला वाटलं तसं त्याने केलं. तुमचं धामापूर पुढच्या वर्षी तुम्हाला आणखी उजळ हवंसं वाटेल, किंवा नाही वाटणार.

पट्ट्यांचे आकडे वहीत उतरवून ठेवा, पण तेच आकडे दुसऱ्या फोटोला लावायच्या भरीस पडू नका. मे महिन्यात तिथून फोटो घ्याल तेव्हा शेवाळ वाळून करवडलेलं असेल, जांभा सुकून तांबडा झालेला असेल, पाणी खाली गेलेलं असेल, आणि आभाळात खराखुरा निळा असेल. तेव्हा कदाचित लाल काचेचा मोह रास्तही ठरेल. सगळं पहिल्यापासून बघावं लागेल.

आणि प्रिंट पक्की झाली की तिच्या पाठीवर जागा, महिना आणि वेळ लिहून ठेवा, पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई दमट हवेत कागदात उतरते. पावसाळ्यात प्रिंट बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल धरते आणि काचेच्या आतून बुरशी चढते. घराच्या मधल्या भिंतीवर, चुलीपासून लांब, फ्रेमच्या मागे बूच लावून भिंतीपासून थोडी सुटी टांगली तर बरीच वर्षं राहते.